मदत हवी आहे : गिअर टाकला की इंजिन काळा धूर सोडतंय

माझी जुनी शिडाची बोट मुंबई बंदरात मुअरिंगवर (पाण्यातल्या कायमच्या बोयाला बांधलेली) असते. इंजिन यानमार २जीएम२०एफ, दोन सिलिंडर, १८ हॉर्सपॉवर. पावसाळ्यात बोट वर काढलेली होती, ऑक्टोबरात पाण्यात उतरवली तेव्हा इंजिन झकास चालत होतं. आता फेब्रुवारीत गिअरमध्ये २६००च्या वर आरपीएम चढतच नाही आणि मागे काळाकुट्ट धूर. न्यूट्रलमध्ये मात्र ३६००पर्यंत सहज जातं, धूर नाही. एक्झॉस्टमधून पाणी नेहमीसारखं पडतंय, तापमानाचा अलार्म वाजलेला नाही. थंड इंजिन सुरू करताना जरा पांढरा धूर येतो, पण गरम झाल्यावर जातो.

मेकॅनिक म्हणतो इंजेक्टर (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारे भाग) काढून टेस्टिंगला द्या. देऊ का?

प्रतिसाद १
थांबा. आधी पाण्याखाली बघा. काळा धूर म्हणजे जेवढं डिझेल आत जातंय तेवढं जळायला हवा पुरत नाही. पंखा (प्रोपेलर) जड झाला की गव्हर्नर (डिझेल कमी-जास्त करणारा भाग) आरपीएम गाठायला डिझेल वाढवत राहतो, आरपीएम काही चढत नाही आणि उरलेल्याची काजळी होते. ऑक्टोबरपासून बोट एका जागी उभी, म्हणजे पंख्यावर बार्नेकलची (घट्ट चिकटून बसणारे कवचधारी सागरी जीव) दाट वस्ती झालेली असणार. बोटीच्या बुडाला निदान अँटीफाउलिंग (असे जीव बसू न देणारा रंग) असतं, पंखा बहुतेकदा उघडाच! पाणबुड्याला शाफ्टही चाचपायला सांगा, जाळ्याचा तुकडा गुंडाळलेला असू शकतो.

प्रतिसाद २
पंख्याबद्दल सहमत. पण न्यूट्रलमध्ये इंजिनावर भारच नसतो, त्यामुळे तिथे धूर नाही म्हणून बाकी सगळं निर्दोष ठरत नाही. एक्झॉस्टचा मिक्सिंग एल्बो (धुरात समुद्राचं पाणी मिसळतं तो वाकडा पाइप) काजळी आणि मिठाने तुंबला तरी अगदी हेच होतं. शिवाय इंजिनाच्या खोक्याला आतून लावलेला आवाजरोधक फोम जुना झाला की त्याचा चुरा एअर इनटेकमध्ये ओढला जातो.

धागाकर्ता
फोम खरंच झडतोय! एल्बो न काढता तपासता येईल का?

प्रतिसाद २
इंजिन बंद असताना, थंड झाल्यावर एल्बोच्या तोंडचा रबरी होज सोडवा आणि बॅटरी मारून आत बघा. भोक अरुंद दिसलं तर एल्बो उतरवावाच लागेल. आत खरवडताना धातू पातळ झालेला आढळला तर सरळ नवा घ्या, कारण तिथे भोक पडलं की खारं पाणी इंजिनाच्या खोक्यात. पंखा, फोम, एल्बो उरकल्यावरही धूर राहिला तर मग इंजेक्टर द्या टेस्टिंगला.