प्रति: झोपेचं खोबरं कोण करतं?

साडेनऊच्या मालिकांमुळे पोरं उशिरा झोपतात, हे वरचं म्हणणं अर्धंच पटलं. तीच मालिका गुवाहाटीतही साडेनऊलाच लागते, पण डिसेंबरात तिथला सूर्य आपल्या ठाण्याच्या जवळजवळ दीड तास आधी मावळलेला असतो. प्रमाणवेळ ८२.५ अंश रेखांशाची, आपण ७३च्या आसपास. म्हणजे आपलं घड्याळ सूर्याच्या अडतीसेक मिनिटं पुढे पळतं; घड्याळात साडेनऊ वाजले तरी सूर्याच्या हिशेबानं आपल्याकडे रात्र तेवढी झालेलीच नसते. (जुनी 'मुंबई वेळ' ३९ मिनिटं मागे होती, ती उगाच नव्हे.)

आमच्याकडे खरा घोळ फुटबॉलचा. ऑक्टोबरअखेर युरोपातली घड्याळं तासभर मागे जातात आणि चॅम्पियन्स लीगचा रात्री साडेबाराचा सामना दीडला सरकतो. तो संपवून लेक साडेतीनला आडवा होतो, सकाळी लोकलमध्ये दांडीला लटकून पेंगतो. मालिकेपायी शिव्या मात्र आजी खाते!