चार्ल्सटनच्या जुन्या भिंती: सिमेंटच्या दरजा खरवडायच्या की राहू द्यायच्या? (टोपणनावांनी चाललेली चर्चा)

चुनखडी: अमेरिकेच्या साउथ कॅरोलिनातल्या चार्ल्सटनची जुनी घरं म्हणजे हाताने पाडलेल्या नरम विटा आणि चुन्याच्या दरजा (विटांमधले सांधे). गेल्या शतकात दुरुस्ती म्हणून वरून सिमेंट भरलं गेलं. जमिनीतून चढणारी खारी ओल आता दरजेतून बाहेर पडत नाही, विटेतून पडते. मीठ विटेच्या पृष्ठभागामागे साठतं आणि पापुद्रे सुटतात. सगळं सिमेंट काढा, एक भाग चुना, तीन भाग वाळू भरा.

ओळंबा: 'सगळं' इथे गाडं अडतं. उभी दरज वीतभरही लांब नसते. ग्राइंडरचं पातं वरच्या-खालच्या विटेत घुसतंच. भाजलेली कडक कातडी एकदा गेली की आतली वीट भुसभुशीत. टकटक केल्यावर पोकळ वाजेल तेवढंच काढा.

चुनखडी: उभ्या दरजेला ग्राइंडर लावायचाच नाही, तिथे छिन्नी. आडवीत मधोमध एक काप, मग कडा आत पाडायच्या. खोली रुंदीच्या किमान दुप्पट, नाहीतर नवा चुना सुटून येतो.

वांडोकाठ: एक विसरताय. यातल्या बऱ्याच विटा वांडो आणि कूपर नद्यांकाठच्या मळ्यांवर गुलाम माणसांनी, मुलांनीही, पाडल्या. काहींवर बोटांचे ठसे आहेत. शहराने 1931 मध्ये जुनी वस्ती जपायचा कायदा केला. देशातला तो पहिला. पण घासकाम करणाऱ्या गवंड्याला ठसा कुठे आहे हे कोण दाखवतं? आधी वीट न् वीट तिरप्या उजेडात बघा, खडूने खूण करा.

पक्कंकाम: चुना नरम, म्हणूनच 31 ऑगस्ट 1886 च्या भूकंपात भिंती कोसळल्या ना? सिमेंटने बळ येतं.

ओळंबा: नाही. दोन सेंटिमीटरच्या वरच्या थराने भिंत उभी राहत नाही. पुष्कळ भिंती मजल्यांना बांधलेल्याच नव्हत्या. म्हणून तर नंतर आरपार लोखंडी सळ्या घातल्या, त्यांच्या चकत्या दर्शनी भिंतींवर आजही दिसतात. चकती गंजली की लोखंड फुगतं, भोवतालची वीट फुटते, पाणी आत. दरजांआधी ते बघा. आणि जोत्याजवळ, भरतीचं पाणी येतं तिथे, साधा चुना टिकणार नाही. सौम्य जलीय चुना, म्हणजे पाण्यातही घट्ट होणारा, लागेल.

चुनखडी: जोत्याचं मान्य, बाकीचं नाही. चुना आठवडाभर ओल्या गोणपाटाखाली ठेवा, 5 अंशांखाली काम करू नका, उन्हात भुकटी होते.

ओळंबा: मग निदान नमुन्यादाखल चुना दोन ठिकाणी भरून बघा: एक पियाझाच्या (इथल्या घरांच्या बाजूच्या लांब व्हरांड्याच्या) सावलीत, एक उघड्या भिंतीवर. दोन्हीकडची ओल सारखी नसते.