जुना ऑपरेटर न सांगता दांड्या मारतोय, घरी आजारपण आहे. सांभाळून घ्यायचं कसं?

मशीनशॉप_भोसरी
जॉबवर्कचं (दुसऱ्या कंपन्यांचे भाग बनवून देण्याचं) शॉप, 22 माणसं, 3 व्हीएमसी (धातू कापणारी संगणकी मशीन), दोन पाळ्या. सात वर्षं जुना ऑपरेटर दोन महिन्यांत 11 दिवस न कळवता गैरहजर. आईचं डायलिसिस सुरू झालंय, एवढंच कानावर आलंय. परवा वेअर ऑफसेटला (टूल झिजलं की मशीनमध्ये भरायचा दुरुस्तीचा आकडा) 0.05 ऐवजी 0.5 टाकलं, 14 हाउसिंग (बनवत असलेले भाग) स्क्रॅप. सुपरवायझर म्हणतो मेमो (लेखी समज) द्या. मला माणूस तोडायचा नाही, पण त्याची पाळी दुसरा मुलगा ओढतोय.

पाळीप्रमुख
आधी हजेरीपट काढा आणि त्या 11 तारखांचे वार लिहा. डायलिसिस बहुतेकदा आठवड्यातून तीनदा असतं, एका वेळेला साधारण चार तास; जाणं-येणं धरून अर्धा दिवस जातो. खाडे सोम-बुध-शुक्र किंवा मंगळ-गुरु-शनि असे पडत असतील तर ही बेफिकिरी नाही, त्याच्या घरचं वेळापत्रक तुमच्या पाळीला आडवं येतंय. डायलिसिसची वेळ सकाळची असेल तर त्याला कायम दुसरी पाळी द्या. निम्मा प्रश्न तिथेच सुटतो.

बोलणं पाळी सुरू होण्याआधी करा, मशीनपाशी नको, सुपरवायझरसमोर तर नकोच. रात्रपाळी संपवून दमलेला माणूस नुसती मान डोलावतो. 20 मिनिटं पुरतात. "एवढे दिवस खाडे पडलेत. घरी कसं चाललंय?" एवढंच विचारा आणि गप्प बसा. लगेच उपाय सुचवायला लागलात की तो "सगळं ठीक आहे साहेब" म्हणून उठेल. इतरांना काय सांगितलेलं चालेल, तेही त्यालाच विचारा.

स्क्रॅपचा विषय त्याच बैठकीत काढू नका. चूक एकाची, पण 14 नग गेले कारण ऑफसेट बदलल्यावर पुढचा नग कुणी मोजला नाही. ऑफसेट बदलला की पुढचा नग मोजून वहीत सही, हा नियम तिन्ही मशीनला लावा. मशीनचा कंट्रोल (संगणक) फॅनक कंपनीचा असेल तर वेअर ऑफसेटच्या आकड्याला सेटिंगमधून मर्यादा घालता येते. झोप न झालेल्या माणसाला "लक्ष दे" म्हणून काही होत नाही.

मशीनशॉप_भोसरी
वार पाहिले, 11 पैकी 9 मंगळ-गुरु-शनि. पण त्याला कायम दुसरी पाळी दिली तर बाकीचे म्हणतील, साहेबांचा लाडका.

पाळीप्रमुख
म्हणूनच सवलत नावावर देऊ नका, नियम करून फळ्यावर लावा: घरात गंभीर आजारपण, हॉस्पिटलचा कागद, चार आठवडे ठरलेली पाळी, मग पुन्हा बसून बघायचं. उद्या दुसऱ्यावर वेळ आली तर त्यालाही हेच. बदल्यात एक अट पक्की: येणार नसेल तर पाळीच्या दोन तास आधी फोन. फोनही न करता गैरहजर राहिला तर मेमो द्या, त्यात निर्दयपणा नाही.

आणि त्या दुसऱ्या मुलाला विसरू नका. जादा तासांचे पैसे दुप्पट दराने, त्याच महिन्याच्या पगारात. एकाची कणव दुसऱ्याच्या पाठीवर लादली की तीन महिन्यांत तोच राजीनामा देतो. तिसऱ्या कुणाला तरी आत्तापासून त्या मशीनवर तयार करा.

वेतन_हिशेब
पैशांचं मी सांगतो, कारण खरी ओढाताण तिथेच असते आणि ते कुणी तोंडाने बोलत नाही.

उचल द्यायची तर बिनव्याजी, लेखी आणि हप्ता लहान. 30,000 दिले तर 2,500 प्रमाणे 12 महिने. सगळी कपात मिळून पगाराच्या 50 टक्क्यांपर्यंत कायदा चालवून घेतो, पण तिथवर जाऊ नका. हातात कमी आलं की माणूस बाहेर सावकाराकडे जातो.

पीएफमधून घरच्या आजारपणासाठी पैसे ऑनलाइन काढता येतात, पण यूएएनला (पीएफच्या कायमच्या नंबरला) आधार आणि बँक खातं जोडलेलं हवं. नावाच्या स्पेलिंगवर अर्ज अडकतो, तेव्हा ऑफिसातल्या कुणाला तरी त्याच्या शेजारी बसवून भरून घ्या.

महिन्याचा पगार 21,000 पर्यंत असेल तर ईएसआय (कामगारांचा सरकारी आरोग्य विमा) आहेच. इथे बऱ्याच जणांची गल्लत होते: आजारपणाचे 70 टक्के रोख पैसे कामगार स्वतः आजारी असेल तरच मिळतात, आईसाठी घेतलेल्या रजेचे नाही. अवलंबून असलेल्या आईच्या उपचाराचा हक्क मात्र आहे. तिचं नाव ईएसआयच्या कुटुंबाच्या यादीत चढवलंय का, ते आजच बघा. लग्नाआधी नोकरीला लागलेल्यांची यादी पुढे कुणी उघडूनही पाहत नाही.