मदत हवी आहे: पावसाळ्यात माचा (जपानी हिरव्या चहाची पूड) टिकत नाही, फ्रीज की फ्रीझर?

घोडबंदरकर
घर घोडबंदर रोडला, खाडीच्या बाजूला. १०० ग्रॅम माचाची झिपवाली पिशवी गॅसच्या वरच्या फडताळात स्टीलच्या डब्यात ठेवली होती. महिन्याभरात रंग पिवळट झाला, गुठळ्या धरल्या, वासही गेला. आता ३० ग्रॅमचा एक सीलबंद डबा आहे. कुठे ठेवू? रोज एकच कप होतो.

नेरूळ_पश्चिम
गॅसच्या वरचं फडताळ ही घरातली सगळ्यात वाईट जागा. कुकरची वाफ थेट तिथेच जाते. उष्णता आणि दमटपणा मिळाला की हरितद्रव्यातलं मॅग्नेशियम सुटतं आणि खाकी रंगाचं फिओफायटिन उरतं, रंग जातो तो त्यामुळे. पानाच्या चहापेक्षा पुडीचा हवेशी संपर्क कितीतरी जास्त येतो, म्हणून ती लवकर उतरते.

सीलबंद डबा लगेच वापरणार नसाल तर खुशाल फ्रीझरमध्ये. पण बाहेर काढल्यावर लगेच उघडू नका. न उघडता रात्रभर ओट्यावर राहू द्या. जुलैतल्या हवेत गार डबा उघडला की आत दव धरतं आणि पूड तिथेच संपते. बहुतेकांची माचा फ्रीजमुळे नाही, या घाईमुळे बिघडते. एकदा फोडलेला डबा परत फ्रीझरमध्ये नको.

हिशोब करा: कपाला २ ग्रॅम, म्हणजे ३० ग्रॅम पंधरा दिवसांत संपतात. तेवढ्यासाठी फ्रीजसुद्धा लागत नाही, गॅसपासून लांबचं अंधारं, कोरडं कपाट पुरे. १०० ग्रॅमची पिशवी स्वस्त दिसते, पण पन्नास दिवस पुरवायची म्हणजे शेवटची निम्मी फिकीच प्यायची. पाकिटावरची तारीख न फोडलेल्या मालाची असते, हेही बघा.

ऐरोली_से_१०
वरच्याशी सहमत, थोडी भर. मोठी पिशवी घेतलीच तर फोडल्याबरोबर १०-१२ ग्रॅम छोट्या डबीत रोजच्यासाठी काढा. उरलेली त्याच फॉइलच्या पिशवीत, हाताने हवा दाबून, झिप लावून, रबरी कडेच्या डब्यात घालून फ्रीजच्या आतल्या बाजूला ठेवा. दारात नको, तिथे तापमान सारखं हलतं. नुसता प्लास्टिकचा डबाही नको. फ्रीजमध्ये लसूण, मेथी, सुकट असेल तर माचा त्यांचाच वास घेते. आठवड्याने डबी भरायची तेव्हाही पिशवी आधी खोलीच्या तापमानाला आणायची.

सिलिका जेलची पुडी बाहेरच्या डब्यात ठेवा, माचात नाही. निळ्या दाण्यांची टाळा, त्यात कोबाल्ट क्लोराइड हे अपायकारक रसायन असतं. हवा खेचणाऱ्या पंपाच्या बरण्यांचा इथे उपयोग नाही, पूड इतकी हलकी की झडपेतच जाऊन बसते. आणि ओला चमचा तर मुळीच नको. चाशाकु (माचा काढायचा बांबूचा चमचा) असेल तर धुवू नका, कोरड्या फडक्याने पुसा.

घोडबंदरकर
धन्यवाद. जुनी फेकू का?

नेरूळ_पश्चिम
बोटाने दाबून सहज फुटणाऱ्या गुठळ्या ताज्या माचातही असतात, त्या बारीक चाळणीने चाळा. कडक, ओलसर किंवा कुबट वासाच्या असतील तर सगळी फेका. नुसती पिवळट पण कोरडी असेल तर अपाय नाही, पण पाण्यात घोटून पिण्यात मजा नाही. दूध-साखर घालून किंवा केकमध्ये संपवा, आणि केकचा रंग हिरवागार येईल अशी अपेक्षा ठेवू नका.