अनुभव लिहा: जुनी गाडी दुरुस्त करून पुन्हा उभी करताना धीर कसा टिकवलात?

काकांची १९८२ची प्रीमियर पद्मिनी. २०२१च्या दिवाळीत खोलली, ती अजून खोललेलीच आहे. इंजिन पोत्यावर, सीटा माळ्यावर. शेजारी येताजाता विचारतात, "गणपतीपर्यंत होईल का?" कुठल्या वर्षीच्या, ते विचारत नाहीत, नशीब. ज्यांनी गाडी रस्त्यावर आणली आणि ज्यांनी सोडून दिली, दोघांनीही लिहा. कामाचा क्रम कसा लावलात? मधली वर्षं कशी काढलीत?

पुणे
सगळी एकदम का खोललीत हो? खोलायला दोन रविवार लागतात, जोडताना कुठला नट कुठला हे आठवायला जन्म जातो. उरलंय त्याचे तरी आधी फोटो काढा. नटबोल्ट पिशवीत, पिशवीवर चिठ्ठी. बॉलपेनने लिहू नका, ऑइल लागलं की पुसतं.

नाशिक, फियाट डिलाइट १९६९
मी रंगापासून सुरुवात केली. गाडी अशी चकाकली की गल्लीत पेढे वाटले. मग ब्रेकच्या कामासाठी जॅक लावला, तर जॅक वर गेला आणि गाडी जागच्या जागी. दाराखालचा पत्रा आतून पार सडलेला. या गाडीला वेगळी चासी नाही, सगळा भार बॉडीवरच, म्हणजे पेढे फुकट गेले.

फ्रिजवरचं लोहचुंबक काढलं आणि गाडीभर फिरवलं. दारांना चिकटलं. मागच्या चाकाच्या कमानीवर ठेवलं की टपकन खाली. स्क्रूड्रायव्हरने टोकरलं तर पत्र्याऐवजी बोटभर पुटी, आणि तिच्या आत चक्क वर्तमानपत्राचा बोळा. तो ओढून काढला, तर हाताएवढं भोक.

पत्र्याचं काम अकरा महिने चाललं. तेव्हापासून माझा क्रम ठरलेला: पत्रा, ब्रेक, इंजिन, मग रंग, आणि काचा-सीटा त्यानंतर.

गाडी डेंटरकडे असते तेव्हा आपल्या हातात काही नसतं, मन तिथेच उडतं. मी रोज जेवणानंतर एक सुटा भाग घेऊन बसायचो. दाराचं हँडल, वायपरची मोटर. एका रात्री साडेदहाला हॉर्न बॅटरीला लावला आणि तो वाजला. आईला वाटलं पाहुणे आले, तिने चहाचं आधण ठेवलं. त्या चहावर मी पुढचे तीन महिने काढले.

कोल्हापूर, स्टँडर्ड हेराल्ड
आमच्या गाडीला चासी वेगळी आहे आणि अख्खं बॉनेट पुढे उलटतं, त्यामुळे काम सोपं. पार्ट मात्र मिळत नाहीत. एक रबर शोधण्यात पावसाळा गेला.

ठाणे
मी सोडून दिली. गॅरेजवाल्याने आगाऊ पैसे घेतले आणि गाडी दोन वर्षं झाडाखाली ठेवली. आत मांजरीची पिल्लं निघाली. विकली तेव्हा वाईट वाटलं, पण त्या रात्री झोप छान लागली, हेही खरंच.

मुंबई
क्रमात कागद कुणीच धरला नाही. आरसीवर अजून काकांचं नाव असेल तर आधी ते बदला. २०२१च्या नियमाने व्हिंटेज गाड्यांना 'व्हीए' असलेला नंबर मिळतो, पण गाडी पन्नास वर्षांहून जुनी लागते आणि रोज वापरता येत नाही. नाशिककरांची बसते. तुमची २०३२च्या आधी नाही. तोपर्यंत नेहमीचंच: पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी आरसीचं नूतनीकरण. गाडी पोत्यावर असली तरी तारीख थांबत नाही.

धागाकर्ता
काल फ्रिजवरचं चुंबक नेलं. उजव्या कमानीला चिकटलं, डाव्या कमानीवरून पडलं. दोनदा पाहिलं, दोन्ही वेळा पडलं. आरसी काकूंच्या कपाटात आहे, रविवारी जातो. हॉर्न सापडला, माळ्यावर सीटांच्या मागे होता. बॅटरी शेजाऱ्यांकडून मागून आणतोय, त्यांनाच आधी ऐकवतो.