इंग्रजी परीकथांतले ओगर, गॉब्लिन, एल्फ मुलीला वेगवेगळे कसे समजावू?

करीरोडची_आई

नमस्कार मंडळी. माझी मुलगी पाचवीत आहे. मराठी माध्यम, पण गणित-विज्ञान इंग्रजीतून. शाळेच्या वाचनालयातून तिने परीकथांचं एक जाडजूड इंग्रजी पुस्तक आणलंय. रात्री जेवणं आटोपली की आम्ही दोघी ते घेऊन बसतो. वाक्यं तिची ती लावते. गाडी अडते ती त्यातल्या प्राण्यांपाशी आणि जादूपाशी.

मोबाइलवरच्या शब्दकोशात ओगर म्हणजे राक्षस, जायंट म्हणजे राक्षस, डेमन म्हणजे राक्षस, ट्रोल बघितला तर तोही राक्षसच. गॉब्लिन म्हणजे भूत, पिशाच्च. एल्फ, फेअरी, पिक्सी या तिघींनाही परी. तिने सरळ विचारलं, "आई, सगळे एकच असतील तर नावं इतकी कशाला ठेवली?" मला उत्तर देता आलं नाही, पण प्रश्न मला फार आवडला आणि तो असाच सोडून द्यायचा नाहीये. जादूच्या शब्दांचंही तेच आहे. स्पेल, चार्म, कर्स यांत नेमका फरक काय?

दुसरं म्हणजे शाळेत इंग्रजीतून गोष्ट सांगायची आहे आणि तिला सिंड्रेला वगैरे नको, आजीची देवचाराची, म्हणजे गावाच्या राखणदाराची, गोष्ट सांगायची आहे. माझ्या सासूबाई कुडाळकडच्या. गोष्टीत एका माणसाची शेवटची एसटी चुकते, तो काळोखात चालत निघतो आणि वाट चुकतो. मग काठी घेतलेला, खांद्यावर घोंगडी टाकलेला एक उंच गडी पुढे चालायला लागतो. एक शब्द बोलत नाही. घराच्या पाणंदीशी आल्यावर माणूस आभार मानायला बघतो तर कोणीच नाही. आता देवचाराला इंग्रजीत काय म्हणायचं? मी घोस्ट सुचवलं तर सासूबाई आतून म्हणाल्या, "देवचाराक भूत म्हणा नको हां."

जाणकारांनी मदत करावी.

गिरगावच्या_बाई

मी गिरगावात मराठी माध्यमाच्या शाळेत इंग्रजी शिकवलं, आता निवृत्त आहे. वयाने मोठी आहे म्हणून तुला अगं-तुगं करते.

आधी तो शब्दकोश बाजूला ठेव. या मंडळींचे अर्थ त्यांच्या गोष्टींतच सापडतात. वर्गात मी प्रत्येकाबद्दल तीन प्रश्न विचारायची: केवढा आहे? राहतो कुठे? त्याला काय हवंय? पोरं फळ्यावर चित्र काढायची आणि त्या प्राण्याला पुन्हा कधी विसरायची नाहीत.

जायंट म्हणजे फक्त प्रचंड. तो दुष्टच असेल असं नाही, भला जायंटही असतो. जॅकच्या घेवड्याच्या वेलावर ढगांपलीकडे राहतो तो जायंट. "फी-फाय-फो-फम" म्हणत माणसाचा वास काढत येतो. हे तुझ्या मुलीला लगेच ओळखीचं वाटेल, कारण आपल्या गोष्टींतला राक्षसही घरात शिरला की आधी नाक वर करून "माणसाचा वास येतोय" असंच म्हणतो.

ओगर मात्र माणूस खाणाराच. थोराड, तापट आणि अकलेने कमी. त्याच्यासाठी बूट घातलेल्या मांजराची गोष्ट वाचा. ती फ्रान्सच्या शार्ल पेरोच्या १६९७ सालच्या संग्रहात आहे. मांजर ओगरच्या वाड्यात जातं आणि म्हणतं, तुम्हाला म्हणे कोणतंही रूप घेता येतं? ओगर सिंह होऊन दाखवतो, मांजर घाबरून छपरावर. मग मांजर म्हणतं, मोठं होणं सोपं आहे हो, उंदराएवढं होणं तुम्हाला कुठलं जमायला! ओगर उंदीर होतो आणि मांजर त्याला गट्टम करतं. हा आपला मायावी राक्षस, म्हणून राक्षसाला सगळ्यात जवळचा शब्द मी ओगरच मानते.

ट्रोल नॉर्वेकडचा. डोंगरात नाहीतर पुलाखाली राहणारा. तीन बोकड पुलावरून टपटप जातात ती गोष्ट त्याची. उन्हात आला की दगड होतो असंही तिकडच्या कितीतरी गोष्टींत आहे. म्हणजे तीन प्रश्नांत चौथाही घालता येईल: कशाने मरतो?

आता लहान मंडळी. ड्वॉर्फ म्हणजे बुटका, दाढीवाला, डोंगराच्या पोटात खाणी खोदणारा. हिमगौरीचे सात बुटके दिवसभर खाणीत असतात म्हणून तर ती घरी एकटी सापडते. गॉब्लिन कुरूप आणि खोडसाळ, चोऱ्यामाऱ्या करणारा. एल्फ कोणत्या गोष्टीत आहे ते नीट बघून घ्यायचं, कारण जुन्या इंग्रजी समजुतींत एल्फ माणसांना आजारी पाडायचे. मुलांसाठी ग्रिम बंधूंची गरीब मोच्याची गोष्ट उत्तम. त्याच्याकडे एकाच जोडाचं कातडं उरलेलं असतं. रात्री तो ते कापून ठेवतो, सकाळी जोडा तयार. टाका असा की एकही चुकीचा नाही. रोज असंच होतं. शेवटी नवरा-बायको कोपऱ्यात कपड्यांआड लपून बघतात तर दोन इवलेसे उघडे जीव मेजावर बसून शिवतायत. बायको म्हणते, थंडीचे दिवस, यांच्या अंगावर चिंधी नाही. ती सदरे शिवते, मोजे विणते, तो चिमुकले बूट करतो. ते कपडे घालून दोघे खुर्च्या-बाकांवरून नाचत दाराबाहेर जातात आणि परत कधीच येत नाहीत. ही गोष्ट ऐकल्यावर एल्फ म्हणजे परी असं कोणी म्हणणार नाही.

आणि फेअरी प्रत्येक वेळी गोड नसते हेही तिला सांग. झोपलेल्या राजकन्येच्या गोष्टीत वरदान देणाऱ्या फेअरीज आणि शाप देणारी म्हातारी फेअरीच. तिला बारशाचं बोलावणं गेलं नाही म्हणून ती चिडते. मुंबईत लग्नाची पत्रिका एका घरी द्यायची राहिली की काय होतं ते तुलाही माहीत असेल!

या गोष्टीतच तुझ्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आहे. म्हातारी म्हणते, ही मुलगी चातीची अणी टोचून मरेल. हा कर्स. एक फेअरी मागे राहिलेली असते. तिला शाप पुसता येत नाही, ती म्हणते, मरणार नाही, शंभर वर्षं झोपेल. हा आपला उःशाप. दक्षाने चंद्राला क्षयाचा शाप दिला तोही पुरता टळला नाही, पंधरवडा झिजायचं आणि पंधरवडा वाढायचं एवढा सौम्य झाला. ज्या मुलांनी या गोष्टी आजीकडून ऐकल्यात त्यांना ही कल्पना नवी नाही.

स्पेल म्हणजे मंत्र आणि त्या मंत्राचा अंमल, दोन्ही. चांगला किंवा वाईट. कर्स कायम वाईट. चार्म बहुतेकदा छोटा आणि भल्याचा, म्हणजे तोंडाने म्हणायचा मंत्र किंवा गळ्यात घालायचा ताईत. पोशन प्यायचं असतं. पण शब्द सुटे पाठ करून घेऊ नकोस, क्रियापदासकट घे. इंग्रजीत स्पेल "कास्ट" करतात आणि "ब्रेक" करतात. ज्याच्यावर पडला तो "अंडर अ स्पेल". इच्छा "ग्रँट" करतात. रूप बदलायला "टर्न इंटू": द विच टर्न्ड द प्रिन्स इंटू अ फ्रॉग. आमच्या मुलांची खरी अडचण कायम इथेच असायची. नाव यायचं, वाक्य व्हायचं नाही. एवढी चार क्रियापदं हातात आली की निम्म्या परीकथा तिला स्वतःला सांगता येतील.

पोथीवेडा

बाईंनी इतकं सुंदर लिहिलंय की मी फक्त देवचाराबद्दल बोलतो. त्याला देवचारच म्हणू द्या.

इंग्रज लेखक रिचर्ड बर्टनने वेताळाच्या गोष्टी इंग्रजीत आणल्या आणि १८७० मध्ये छापताना नावातच वेताळाचा व्हॅम्पायर करून टाकला. आपला वेताळ स्मशानातल्या झाडावर प्रेतात शिरून उलटा लटकतो आणि राजाला न्यायाची कोडी घालतो. तो रक्त कुठे पितो? उलट त्याच्या दोन वर्षं आधी, १८६८ मध्ये, मेरी फ्रिअरचा 'ओल्ड डेक्कन डेज' आला. ती मुंबईचे गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांची मुलगी. गोष्टी तिला सांगितल्या होत्या त्यांच्या घरच्या आया ॲना लिबराटा डिसूझा यांनी. त्या पुस्तकात राक्षस हा शब्द "रक्षस" असा जसाच्या तसा छापला आहे आणि लंडनच्या वाचकांचं काही अडलं नाही. सूर्याबाईच्या गोष्टीत राक्षसाचं तुटलेलं नख दारात अडकून राहतं, ते तिच्या हातात घुसतं आणि ती मेल्यासारखी पडते. नख असं काम करतं म्हटल्यावर राक्षस म्हणजे काय हे वेगळं सांगायला लागत नाही.

तुमच्या मुलीने पहिल्या दोन वाक्यांत ओळख करून द्यावी. देवचार गावाची वेस राखतो, रात्री फिरतो, वाट चुकलेल्याला घरी पोचवतो. राखणदाराला "गार्डियन" म्हणा, "गार्डियन स्पिरिट" म्हटलं तर आणखी बरं. सासूबाईंचा आक्षेप अगदी योग्य आहे, घोस्ट म्हणजे मेलेल्या माणसाचं भूत. मुंजाला तो शब्द चालेल, कारण मुंज झालेला आणि लग्नाआधी गेलेला मुलगा पिंपळावर राहतो अशी ती समजूत. देवचाराला चालणार नाही.

हार्बरलाइन

रविवारी लेकीला घेऊन सीएसएमटीला उतरा आणि बाहेर येऊन वर बघा. वास्तुकार स्टीव्हन्सने बांधलेल्या या इमारतीवरचं बरंचसं कोरीवकाम तेव्हाच्या बॉम्बे स्कूल ऑफ आर्टच्या, म्हणजे आजच्या जेजेच्या, विद्यार्थ्यांनी केलं. भिंतीतून बाहेर झेपावलेले दगडी प्राणी दिसतील, ते गार्गॉइल. छपरावरचं पाणी तोंडातून भिंतीपासून लांब फेकायचं हे गार्गॉइलचं मूळ काम. फाटकाच्या खांबांवरचे सिंह आणि वाघ मात्र साधेसुधे प्राणी आहेत.

तिथून चालत फोर्टात गेलात तर जुन्या पारशी अग्यारीच्या दाराशी माणसाचं तोंड, बैलाचं अंग आणि पंख असलेले दोन राखणदार दिसतील. आत जाता येत नाही, पण रस्त्यावरून दिसतात. हे प्राचीन इराककडचे, नाव लामासू. ग्रिफिन वेगळा, त्याचं अंग सिंहाचं आणि डोकं-पंख गरुडाचे. सेंटॉर शोधायला कुठे जायला नको, पेपरातल्या राशिभविष्यात धनु राशीचं चित्र बघा. कमरेवर माणूस, खाली घोडा. जुहूला आणि विमानतळाजवळ त्याच नावाची हॉटेलं होती, जुन्या लोकांना आठवतील.

गड फिरत असाल तर दरवाज्यांवरचा शरभही, म्हणजे सिंहासारखा दिसणारा काल्पनिक प्राणीही, दाखवा. जंजिऱ्याच्या दरवाज्यावरच्या प्राण्याने पंजांत हत्ती धरलेत. त्याला ग्रिफिन म्हणायचा मोह होतो, पण पोथीवेडा म्हणतात तसं शरभाला शरभच राहू द्यावं.

करीरोडची_आई

सगळ्यांचे मनापासून आभार. मोच्याची गोष्ट आज वाचली. ती लगेच म्हणाली की एल्फ कपडे मिळाले म्हणून गेले की काम संपलं म्हणून गेले, हे पुस्तकात लिहायला हवं होतं. देवचार देवचारच राहणार हे ठरलं. सासूबाई खूश आहेत.

बाई, एकच शंका. देवचाराला "ही" म्हणायचं की "इट"? पुस्तकात बेडूक आधी "इट" आहे आणि पुढे "ही" होतो, त्यामुळे ती गोंधळली. आणि "अ" की "ॲन" हे या प्राण्यांना कसं लावायचं?

गिरगावच्या_बाई

एल्फबद्दलचा तिचा प्रश्न खराच चांगला आहे. पुस्तकात उत्तर नाही, तिने स्वतःचं लिहावं.

बेडकाचं असं आहे: जनावर म्हणून दिसतं तोवर "इट", बोलायला लागलं किंवा आत राजपुत्र आहे हे कळलं की "ही". काही पुस्तकं पहिल्यापासून "ही" घेतात, तेही बरोबर. जाता जाता सांगते, ग्रिम बंधूंच्या मूळ गोष्टीत राजकन्या बेडकाचा मुका घेत नाही. ती रागाने त्याला भिंतीवर आपटते आणि तेव्हा जादू सुटते. देवचार काठी-घोंगडीवाला माणूस दिसतो, म्हणून सुरुवातीपासून "ही".

"अ" आणि "ॲन" कानाने ठरवायचं, अक्षराने नाही. ॲन ओगर, ॲन एल्फ, ॲन इम्प. पण अ युनिकॉर्न, कारण सुरुवातीला "यु" ऐकू येतो. नोममधला "जी" मुका असतो, तो वाचायचा नाही. एल्फचं अनेकवचन एल्व्ह्ज. ड्वॉर्फचं ड्वॉर्फ्सही होतं आणि ड्वॉर्व्ह्जही. तिच्या पुस्तकात जे असेल तेच धर, आणि वहीत दोन्ही लिहून ठेवायला सांग.