शब्दचर्चा : 'अलाइन' करणे म्हणजे ओळंब्यात घेणे?

म्हापसा :
चवथीचा (गणेशचतुर्थीचा) फलक इंकस्केप या चित्रं काढायच्या संगणक-प्रोग्रॅममध्ये करतेय. सोबत शिकणाऱ्या मुलांना 'अलाइन'साठी, म्हणजे आकृत्या एका रेषेत जुळवण्यासाठी, 'संरेखन' हा शब्द दिला. त्यांनी तो वहीत उतरवला, पण हात काही चालेना. मुख्य घोळ होतो तो 'सेंटर ऑन व्हर्टिकल ॲक्सिस'पाशी. 'व्हर्टिकल' ऐकून मुलांना वाटतं आकृत्या वर-खाली हलतील, आणि त्या हलतात डावी-उजवीकडे. याला चांगला मराठी शब्द सुचवाल का?

फोंडा :
गवंड्याकडे दोन वेगळे शब्द आहेत. उभं पाहायला ओळंबा, आडवं पाहायला पाणसळ. चिरा डावी-उजवीकडे सरकवला की भिंत ओळंब्यात येते, हे त्याला सांगावं लागत नाही. म्हणून उभ्या अक्षावर मध्य जुळवणं म्हणजे 'ओळंब्यात घेणे' आणि आडव्या अक्षावर 'पाणसळीत घेणे'. 'संरेखन' रस्त्याच्या आखणीला ठीक, पण त्यात उभं-आडवं कळत नाही.
शिवाय ओळंबा कुठून तरी सोडावा लागतो. 'रिलेटिव्ह टू' हा पर्याय तेच विचारतो : सगळ्यांत आधी निवडलेल्या आकृतीपासून, शेवटच्या, की पानापासून?

म्हापसा :
'ओळंबा कुठून सोडू?' हे फारच आवडलं! पण आणखी एक अडचण आहे. दोन चौकटी डाव्या कडेने जुळवल्या. एकीची रेघ 4 मिमी जाड, दुसरीची 1 मिमी. बाहेरून कडा जुळलेल्या दिसतात, पण मूळ आकार दीड मिमी मागेपुढे.

फोंडा :
रेघेची निम्मी जाडी आकाराबाहेर जाते, एकीकडे 2 मिमी, दुसरीकडे अर्धा. इंकस्केप एरवी दिसणारी बाहेरची कड धरतं. म्हणजे तुम्ही गिलाव्यावरून ओळंबा धरलात, चिऱ्यावरून नाही. प्रेफरन्सेसमध्ये 'टूल्स'खाली 'जिओमेट्रिक' निवडा, की चिऱ्यावरून धरला जाईल. कापकामाच्या फलकाला तेच हवं, छपाईला मात्र बहुधा गिलावाच बरा.

मडगाव :
'डिस्ट्रिब्यूट'ला, म्हणजे आकृत्या सारख्या अंतराने मांडण्याला, कृपा करून 'वितरण' म्हणू नका, ते रेशनच्या दुकानासारखं वाटतं. माटोळी, म्हणजे गणपतीवर टांगायची फळांची चौकट, बांधताना आपण काय करतो ते आठवा. गाठी सारख्या अंतरावर मारल्या, तर नारळ, तोरिंजन अशी मोठी फळं एकमेकांना टेकतात आणि बारक्या फळांमध्ये मोकळी जागा पडते. मग आपण गाठी सोडून फटी सारख्या करतो. इंकस्केपच्या 'अलाइन'च्या खिडकीतही दोन्ही सोयी आहेत : मध्य सारख्या अंतरावर, किंवा मधल्या फटी सारख्या. मी मुलांना 'सारख्या गाठी' आणि 'सारख्या फटी' म्हणून सांगते, लगेच कळतं.

म्हापसा :
हे दोन्ही शब्द उद्याच वापरते. 'ओळंबा'बद्दल मात्र एक शंका आहे. निम्म्या मुलांनी तो पाहिलेलाच नाही. शेजारी घराचं बांधकाम चाललंय, आधी तिथे नेऊन दाखवते. 'स्नॅप', म्हणजे ओढलेली आकृती जवळच्या कडेला किंवा रेषेला आपोआप जाऊन लागणं, अजून राहिलाय. सध्या 'चिकटणे' म्हणतो, पण चिकटलेलं सुटत नाही, आणि हे तर पुन्हा ओढलं की सहज सुटतं.